तिथीची पाऊणपट

अल्फारेटा, १४ सप्टेंबर

प्रिय सत्यजितदादा,

तुझी मेल जूनमध्ये आली, काका आचऱ्याहून तुझ्याकडे नोव्हायला पोचले त्या आठवड्यात. उत्तर आज देते आहे, माफ कर. कारणं सांगायला बसले तर ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, वेदांतला कॉलेजात सोडून येणं आहे. पण या सगळ्या दिवसांत मी डायरी रोज लिहिली आहे, म्हणजे वेळ होता. तू विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे ठरत नव्हतं, हे खरं कारण.

फोन करता आला असता. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि काका शेजारी बसलेले असतात. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलणं मला जमत नाही. म्हणून लिहिते.

तू विचारलं होतंस की काकांना एकदा समुद्रावर न्यायचंय, शिकार, मासे, पक्षी असं सगळं एका ठिकाणी होईल अशी जागा माझ्या बाजूला आहे का. आहे. सव्हानाच्या दक्षिणेला, इथून पाचेक तासांवर, खाऱ्या पाण्यातलं गवत मैलोन्मैल पसरलंय. दर वसंतात मी तिथे पक्षी मोजणाऱ्या गटाबरोबर जाते. आपल्या पाणकोंबडीसारखा एक पक्षी त्या गवतात राहतो. इथले लोक त्याला मार्श हेन म्हणतात. एरवी तो दिसत नाही, नुसता ओरडतो. पण पावसाळी वादळं संपली की पुनवेच्या किंवा अवसेच्या मोठ्या भरतीला गवत बुडतं, शेंडे तेवढे वर राहतात आणि त्याला लपायला जागा उरत नाही. शिकार तेव्हाच होते. इंजिन बंद करून होडी लांब काठीने ढकलत न्यायची, तसा कायदाच आहे. त्याच पाण्यात रेडफिश गवतात शिरून खेकडे खातात, म्हणजे तुझा गळही चालेल.

अडत होतं ते इथे: वसंतात ज्यांना मी मोजते, त्यांना मारायची सोय नोव्हेंबरात मीच करून देऊ का? आमच्या गटाच्या बाई म्हणतात की अशा मोजणीवरूनच किती पक्षी मारायचे याची मर्यादा ठरते. मला ते पटतं. फक्त ते सोयीचं आहे म्हणून पटतंय की काय, याची खात्री होत नाही. तरी काकांसाठी हे करावंसं वाटतं.

होडीवाला माझ्या ओळखीचा आहे, अर्ल म्हणून. सत्तरीचा आहे. मला दोन गोष्टी कळव. काका होडीत नीट चढू-उतरू शकतात का? आणि बंदूक कोण धरणार?

तुझी,
देवयानी


नोव्हाय, १९ सप्टेंबर

देवयानी,

तीन महिन्यांनी उत्तर आलं तेही प्रश्नपत्रिकेसकट. टेस्टर शोभतेस.

बंदूक रुही धरणार. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती इथे हरणाच्या सीझनला जाते, सेफ्टी कोर्स झालाय, जॉर्जियाचं लायसन्स ऑनलाइन काढेल. माझी मुलगी शिकारी निघाली आणि मला झुरळ मारवत नाही, यावर बाबा रोज हसतात. ते स्वतः बंदुकीला हात लावणार नाहीत. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी आचऱ्याच्या खाडीत त्यांनी काय मारायचं ते मारलंय, आता फक्त बघायचंय म्हणाले. होडीत मात्र ते तुझ्यामाझ्यापेक्षा नीट चढतील. खाडीकाठी अठ्ठ्याहत्तर वर्षं काढलेला माणूस आहे.

दिवस बाबांनीच काढला. तिकडून आणलेली दिनदर्शिका फ्रिजला लावली आहे. त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे ५ नोव्हेंबर. वेळही त्यांनीच काढली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तुला आठवत असेल, लहानपणी अंगणात बसवून पाठ करून घ्यायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला पाणी पूर्ण चढणार, दहाला होडीत बसायचं. अर्लला दहा सांग.

आता स्पीकरवर न बोलण्यासारखं. बाबांचं परतीचं तिकीट २० नोव्हेंबरचं आहे आणि त्यांना परत पाठवावं का हे मला कळत नाही. जुलैत गॅस चालू राहिला. ऑगस्टमध्ये देशी दुकानातून एकटे निघाले आणि भलत्याच कॉलनीत सापडले. एकच गोष्ट दोनदा विचारतात. डॉक्टरने घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि म्हणाला, बॉर्डरलाइन, नजर ठेवा. आई गेल्यापासून आचऱ्याला ते एकटेच आहेत. शेजारची सलोनी सकाळी डोकावते, पण तिला तिची शाळा आहे, मुलं आहेत.

ट्रिपला तू तीन दिवस त्यांच्याबरोबर असशील. तू बघ आणि सांग. मला घरात बसून काही दिसेनासं झालंय.

सत्यजित


अल्फारेटा, २४ सप्टेंबर

प्रिय दादा,

अर्लशी बोलले. ५ आणि ६ नोव्हेंबर ठरले. राहायला किनाऱ्यापासून जवळ एक साधं घर मिळालंय, स्वयंपाकघर आहे, काकांना पेज करून देता येईल. त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट अर्ल आणेल. बंदूकही त्याचीच वापरू, विमानातून आणायची भानगड नको.

दहा वाजता मात्र जमणार नाही. मी अर्लला दहा म्हटलं तर तो हसला. म्हणाला, मॅम, दहाला गेलो तर पाणी उतरून गेलेलं असेल आणि संध्याकाळपर्यंत चिखलात बसून राहू. मी तक्ता पाहिला. त्या दिवशी भरती सकाळी साडेसातला आहे. साडेसहाला निघावं लागेल.

काकांचं गणित चुकलं आहे, आणि तेही जवळजवळ चार तासांनी. चूक लहान असती तर मी लिहिलंही नसतं. ज्या गोष्टीत ते कधी चुकत नाहीत असं आपण समजतो तिथे ही चूक दिसली, म्हणून सांगितलेलं बरं. त्यांना हे कसं सांगायचं ते तू ठरव.

दुर्बीण माझ्याकडे दोन आहेत. रुहीला गडद रंगाचं, पाणी न शिरणारं जॅकेट लागेल.

तुझी,
देवयानी


नोव्हाय, १६ ऑक्टोबर

देवयानी,

उत्तराला उशीर झाला. या पत्रातली गोष्ट करून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. बाबांचं तिकीट कॅन्सल केलं.

तुझं पत्र वाचलं आणि ठरलंच. गॅसचं मी वय म्हणून सोडून देत होतो, रस्त्याचं इथली घरं सगळी सारखी दिसतात म्हणून. पण भरती? बाबा कधी माझा वाढदिवस विसरले असतील, भरती विसरले नाहीत. मला वाटायचं, हे आहे तोवर बाबा शाबूत आहेत. त्यातच चूक निघाली, आणि ती तुझ्यासारख्या बारकाईने बघणाऱ्या माणसाने काढली, तेव्हा मग काय राहिलं?

मी त्यांना सांगितलं, "बाबा, तुमचं गणित चुकलं, साडेसहाला निघायचंय." म्हणाले, "चुकलं? कुठं चुकलं दाखव." मी म्हटलं, तक्ता तसं सांगतो. तेव्हापासून फ्रिजपुढे पेन्सिल घेऊन उभे असतात. परत करतात, परत सव्वाअकराच येतं. परवा अनिता म्हणाली, ते कॅलेंडर काढून ठेवू का, बघवत नाही. बायको रडायला आली की माझं डोकं चालत नाही.

व्हिसा वाढवायचा अर्ज तयार करतोय. बाबांना तिकिटाचं सांगितलेलं नाही. ट्रिपला सांगू. तू असलीस म्हणजे बरं पडेल. ट्रिप आहे तशी ठेव.

सत्यजित


अल्फारेटा, १८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र काल वाचलं. आधी मला माझी चूक सांगायची आहे, मग बाकीचं.

काकांचं गणित चुकलेलं नाही.

काल मी देवगडचा भरतीचा तक्ता उघडला. आचऱ्याहून सर्वांत जवळचा तोच मिळाला. पाच नोव्हेंबरला तिथे भरती अकराच्या आसपास आहे, काकांच्या हिशेबाला पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. मागच्या वर्षीच्या चार-पाच पौर्णिमा पाहिल्या. तेच. दर तिथीला पाऊण तास पुढे जायचं हा नियम इथेही लागू पडतो, जगात बहुतेक ठिकाणी पडत असावा. बदलते ती सुरुवात. प्रत्येक किनाऱ्यावर पुनवेचं पाणी आपापल्या वेळेला चढतं. आचऱ्याला ते अकरा-सव्वाअकराला चढतं, इथे सकाळी साडेसातला. काकांनी आचऱ्याचं गणित केलं आणि आचऱ्याचं उत्तर बरोबर आलं.

दादा, माझ्या कामातला पहिला नियम असा आहे की चूक सापडली तर ती कोणत्या परिस्थितीत येते हे लिहिल्याशिवाय नोंदवायची नाही. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. एखादं घड्याळ मुंबईची वेळ दाखवत असेल तर ते बिघडलेलं नाही, ते मुंबईचं आहे. काकांच्या बाबतीत मी हे तपासलं नाही. "काकांचं गणित चुकलं आहे" असं एक वाक्य लिहून मोकळी झाले, आणि त्या वाक्यावर तू त्यांचं घर काढून घेतलंस. मी तुला दोष देत नाही. वाक्य माझं आहे.

गॅस आणि रस्ता हे मुद्दे यामुळे खोटे ठरत नाहीत, हेही मला दिसतं. पण तू ज्यावर निर्णय घेतलास ती गोष्ट घडलीच नाही. तिकीट परत काढता येतं का बघ. ते जमणार नसेल तर निदान काकांना सांग की त्यांचं बरोबर होतं. आजच सांग. ते फ्रिजपुढे उभे असतात हे मला डोळ्यांपुढून हलवता येत नाही.

देवयानी


नोव्हाय, २६ ऑक्टोबर

देवयानी,

दिवाळी झाली. चकल्या बाबांनी पाडल्या, आमच्यापेक्षा सरळ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मान्य, गणित बरोबर. पण एक गणित बरोबर निघालं म्हणून माणूस एकटा राहू शकतो, हे कुठल्या टेस्टमध्ये बसतं? तू अल्फारेटात बसून चूक मागे घेतलीस, छान झालं. आचऱ्याला सकाळी फोन उचलला नाही तर सलोनीला मी उठवायचं, आणि ती दार ठोठावेपर्यंत इथे मी जिन्यावर बसून राहायचं. मागच्या वर्षी दोनदा असा बसलोय. एकदा ते खाडीवर गेले होते, एकदा झोपले होते. तिसऱ्या वेळी काय असेल?

बाबांना गणिताचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर लगेच तिकिटाचं विचारतील. इतके दिवस गप्प आहेत, ट्रिपपर्यंत राहू देत.

रागावू नकोस यार. मी काही त्यांना कोंडून ठेवत नाहीये.

सत्यजित


नोव्हाय, २७ ऑक्टोबर

चि. देवयानी हिस अनेक आशीर्वाद.

माझे अक्षर थोडे हलते, समजून घे. पाकिटावर पत्ता रुहीने घातला आहे.

एक विचारायचे आहे. तू त्या समुद्रावर दर वर्षी जातेस. तेथे पुनवेला पाणी किती वाजता चढते, एवढेच कळव. सत्यजित म्हणतो माझे चुकले. माझ्या हिशेबाने पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते आणि आचऱ्यास ते कधी चुकले नाही. तेथे चुकत असेल तर तेथला मूळ आकडा वेगळा असणार. तो मला मिळाला तर बाकीचे मी बघतो.

सत्यजित कामात फार असतो. त्याची झोप कमी झाली आहे. अनिता चांगली मुलगी आहे, माझ्यासाठी मऊ भात वेगळा काढते. वीस तारखेनंतरचे बोलणे या घरात कोणी काढत नाही. म्हणून मीही काढत नाही.

तुझा मुलगा कॉलेजात रमला का? जेवणाचे हाल करून घेऊ नको म्हणावे.

तुझा काका,
अनिल


अल्फारेटा, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझ्या प्लँटमधली बंद पडलेली लाइन सुरू झाली असेल अशी आशा आहे. तुला आयत्या वेळी थांबावं लागलं याचं काकांना वाईट वाटलं. काल रुहीचा मेसेज आला, दोघं सुखरूप पोचली. रुहीने तुला फोटो दाखवले असतील. फोटोत नसलेलं मी लिहिते. यात काकांनी तुला सांगू नकोस म्हटलेलं एक आहे. तेही लिहिणार आहे. हे बरोबर की चूक ते तीन दिवस ठरवते आहे आणि अजून ठरलेलं नाही.

काकांचं पत्र मला ट्रिपच्या आदल्या शुक्रवारी मिळालं. उत्तर टाकायला वेळ नव्हता. सव्हानाच्या विमानतळावर मला बघितल्याबरोबर त्यांनी विचारलं, "किती वाजता गो?"

"साडेसात."

ते बॅगा येतात त्या पट्ट्याजवळ थांबून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पावणेचार तास आधी. बरं." आणि मग, "तू बारीक झालीस."

गणित चुकलं नव्हतं असं मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "ते मला ठाऊक होतं. मला आकडा हवा होता."

सकाळी साडेसहाला निघालो. अर्लने त्यांना मधे बसवलं, रुही पुढे. उजाडत होतं आणि गवत खरोखरच बुडत चाललं होतं. काकांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "नदी जवळ आहे काय? खारटपणा कमी आहे." मी ते अर्लला सांगितलं. त्याने मागे हात दाखवला, वळणापलीकडे नदीचं मुख होतं. मग अर्लने इंजिन बंद करून काठी घेतली, तेव्हा काका सारखे त्या काठीकडे बघत होते. शेवटी अर्लने विचारलं, हवी का? मी नको म्हणणार होते. पण तोवर काठी त्यांच्या हातात होती. पाचएक मिनिटं त्यांनी होडी ढकलली. बसूनच, पण सरळ रेषेत.

रुहीचे पहिले दोन बार वाया गेले. काका म्हणाले, "घाई करतेस. पक्षी उठला की आधी मनात त्याला नमस्कार करायचा, मग बार काढायचा." रुही म्हणाली, "आजोबा, बाय देन ही इज गॉन." "मग गेला. त्याचं नशीब." तिसऱ्याला तिने नमस्कार केला असावा. पक्षी पडला. मला वाईट वाटेल असं मी धरून चालले होते. वाटलं, पण धरलं होतं त्यापेक्षा कमी, आणि मग त्याचंच जास्त वाईट वाटलं. रुहीने दोन मारले आणि स्वतःच बस म्हणाली. उरलेला वेळ मी दुर्बिणीतून ते पक्षी शेंड्यांवर ओळीने बसलेले बघितले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाजच मोजत आले होते.

काका गवताच्या एका काडीकडे बघत होते. मधेच म्हणाले, "आता थांबलं." मी घड्याळ पाहिलं. साडेसातला दोन-तीन मिनिटं होती. ते म्हणाले, "उद्या सव्वाआठ."

"आजोबा, त्याला ॲप आहे."

"मग ॲपला विचार."

तिने विचारलं. ॲपमध्ये सव्वाआठला चार मिनिटं कमी होती. "ओके, दॅट्स क्रीपी," म्हणाली आणि अर्लला दाखवलं. तो काकांकडे बघून टोपीला हात लावून हसला.

मासा काकांनाच लागला. उथळ पाण्यात रेडफिश शेपट्या बाहेर काढून चरत होते. चांगला मोठा होता, अर्लने मापून परत सोडला, कारण ठरलेल्या मापापेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही. काका म्हणाले, "आमच्याकडे लहान म्हणून सोडतात, हे मोठा म्हणून सोडतात. मग खायचं काय, मधला?" मी म्हटलं, हो, मधलाच. मधला मिळाला नाही. संध्याकाळी मी पक्ष्यांचं कालवण केलं. काकांनी त्यात कोकम घातलं. ते त्यांनी नोव्हायहून खिशात आणलं होतं.

आता हेही लिहायला हवं. त्या तीन दिवसांत त्यांनी मला दोनदा शरयू म्हणून हाक मारली. माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. एकदा चूक लक्षात येऊन थांबले, एकदा नाही. तू संध्याकाळपर्यंत येशील का असं तीनदा विचारलं. घराचा दरवाजा उघडा ठेवून बाहेर पडले. तू बघून सांग म्हणाला होतास, म्हणून सांगते. तुला जे दिसतं ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी सव्वाआठच्या सुमारास थांबलं. रुही आणि अर्ल गळ टाकायला पुढे गेले. आम्ही दोघं धक्क्यावर बसलो होतो. समोर लाल चोचीचे पक्षी कालवं फोडत होते. काका म्हणाले, "तिकीट कॅन्सल झालंय ना?"

"तुम्हाला कोण म्हणालं?" मी विचारलं.

"मेसेज माझ्या फोनवर आला. नाव माझं, नंबर माझा."

"मग विचारलं का नाही, काका?"

"तो सांगेल म्हणून थांबलो. त्याला सांगायला जड जात असणार. त्याला बोलू नकोस." मग म्हणाले, "मी विसरतो, मला कळतं. गॅस राहिला. आचऱ्यालाही एकदा दूध करपलं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. पण तिथं चुकलो की सलोनी ओरडते, समोरचा बाबल्या ओरडतो, मी सुधारतो. इथं चुकलो की तुम्ही दोघं दार लावून एकमेकांना मेल लिहिता."

दादा, आपल्या मेलबद्दल त्यांना रुहीने सांगितलेलं नाही. मी विचारलं. त्यांनी स्वतःच ओळखलं. तुझ्या घरातला फोन वाजायचा बंद झाला, आणि तू लॅपटॉप घेऊन वरच्या मजल्यावर जायला लागलास.

त्यांनी एकटं राहावं की नाही, मला खरंच माहीत नाही. पण आपण दोघांनी सप्टेंबरपासून एवढं लिहिलं आणि त्यात एकदाही त्यांना काय हवंय हे विचारलं नाही. त्यांना विचार. मी तिथे असायची गरज नाही.

देवयानी


नोव्हाय, १२ नोव्हेंबर

देवयानी,

काल सकाळी चहाच्या वेळी विचारलं. अनिता आणि रुही समोर होत्या. मी म्हटलं, "बाबा, तिकीट मी कॅन्सल केलं. न विचारता केलं." ते म्हणाले, "हो." मग बिस्किट संपवलं. पुढे काय म्हणतात म्हणून मी बसलो, तर म्हणाले, "तुझा चहा गार झाला."

मग खूप बोललो. ओरडलोही, दोघंही. जिन्यावर बसायचं मी पहिल्यांदाच त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. मग म्हणाले, रोज सकाळी खाडीवर जायच्या आधी मीच फोन करीन. विसरलो तर सलोनी करील. विसरणार, हे त्यांनीच धरलंय. गॅस काढायला तयार आहेत, तिथे विजेची शेगडी बसवायची, आपोआप बंद होणारी. मार्चमध्ये मी जाऊन महिनाभर राहायचं आणि तेव्हा पुढचं परत ठरवायचं. तेव्हा नाही म्हटलं तर ऐकेन, असं म्हणाले. ऐकतील की नाही माहीत नाही.

मी विचारलं, "कधीचं तिकीट काढू?" म्हणाले, "मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीला सकाळी आचऱ्याला पोचेन असं." मी म्हटलं, तारीख सांगा. म्हणाले, "घरी पोचेन तेव्हा खाडी भरलेली हवी. ओहोटीला पोचलं की नुसता चिखल दिसतो. तारीख देवयानीला विचार, तिला आता येतं."

तर विचारतोय. व्हिसाचा अर्ज पाठवलेला नाही.

मला अजून वाटतं की मी चूक करतोय. निदान आता त्यांना विचारून करतोय.

सत्यजित


अल्फारेटा, १३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

द्वादशी २ डिसेंबरला आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी निघाले तर एक तारखेला मुंबईत उतरतील, रात्रीची कोकणातली गाडी मिळेल आणि दोनला सकाळी कणकवली. शिव तेव्हा मुंबईत असेल. त्याला मी गाडीत बसवून द्यायला सांगितलंय. माझा मावसभाऊ म्हणून तुला तो आठवत असेल, काकांना नक्की आठवतो. कणकवलीहून पुढची रिक्षा काका स्वतः ठरवतील, त्यात आपण पडायला नको.

बाराची पाऊणपट नऊ. नऊला ते दारात असतील. देवगडचा तक्ता मी या वेळी उघडून बघितला नाही.

उद्या: सलोनीला फोन, शेगडीचं सांगायचं.

देवयानी